अस्तर बघून घ्या

छावणीतल्या त्या गल्लीत चाचांचं दुकान कुठं आहे हे विचारावं लागत नसे, कारण दुकानाबाहेर बहुतेक वेळा कुणीतरी बोलणी खात उभं असायचं. पाटी नव्हती. शटर कायम अर्धं खाली, त्यामुळे आत जायचं तर वाकूनच जावं लागे, आणि ती त्यांची योजनाच असावी असं मला वाटतं. गिऱ्हाईक वाकून आत आलं की निम्मा माज बाहेर राहतो, असं ते एकदा म्हणालेही होते. सगळी छावणी त्यांना चाचा म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी न विचारलेल्या आणि न वाचलेल्या गोष्टी पुढे आणखीही येतील, म्हणून ही एक आधीच सांगून टाकतो.

त्यांचं काम एकच. जुन्या चामडी बॅगा, सुटकेसा, दुर्बिणीच्या आणि कॅमेऱ्याच्या पेट्या साफ करून पुन्हा वापरायजोग्या करायच्या. नवीन काही ते शिवत नसत. वडील छावणीत घोड्यांची खोगिरं दुरुस्त करायचे, मग घोडे गेले, साहेबलोक गेले आणि त्यांच्या बॅगा तेवढ्या राहिल्या, इतकाच आपल्या घराण्याचा इतिहास ते सांगत. मे महिन्याच्या उन्हातही अंगात लोकरीची बंडी. चहा बिनआल्याचा, कारण आल्याच्या वासानं नाक कामातून जातं. आणि नाक हे त्यांचं पहिलं हत्यार होतं. बॅग हातात आली की ती उघडून तोंड आत घालायचे, दोन-तीन वेळा जोरात हुंगायचे आणि मग निकाल द्यायचे. एका वकीलसाहेबांच्या बॅगेत तोंड घालून म्हणाले, "यात साबण ठेवत व्हते. अन् त्यो बी लॉजवरचा, फुकटचा." वकीलसाहेब बायकोला घेऊन आले होते. ते त्या बॅगेसाठी परत आले की नाही, मला माहीत नाही.

रेक्झिन आणणाऱ्याला तर ते आत बसूच देत नसत. "हे चामडं नाय. उचला," एवढंच म्हणून ते दुसऱ्या कामाला लागायचे. एकदा जालना रोडवर नवीन कॅफे काढलेला एक तरुण चार जुन्या सुटकेसा घेऊन आला. त्याला त्या भिंतीला टांगून आत झाडं लावायची होती. म्हणाला, अस्तर फाडून टाका, वरून फक्त चकचकीत करून द्या. चाचांनी चारही सुटकेसा उघडल्या, एकेकीच्या अस्तरावरून हात फिरवला आणि त्याला विचारलं, "तुमच्या शर्टाच्या आत बनियन हाय का?" तो म्हणाला, आहे. "मग ते काढून मला द्या, मग मी अस्तर काढतो." तो मुलगा हसला, त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. चाचा हसले नाहीत. तो सुटकेसा उचलून गेला, आणि मग चाचा तासभर कुणाशी बोलले नाहीत. मी त्या वेळी तिथंच बसलेलो होतो. शेंद्र्याच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून आलं की कंपनीची बस मला छावणीत सोडायची, आणि घरी जाण्याआधी कुठंतरी दहा मिनिटं नुसतं बसावं असं फार वाटायचं. त्यांच्याकडे बसलं तर बोलावं लागत नसे. इतरांना ज्याचा त्रास व्हायचा, त्यासाठीच मी तिथं जायचो.

अस्तरावर त्यांचा जीव होता. चामड्याला ते नीटच वागवायचे, मऊ ब्रशनं धूळ झाडायची, बुरशी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, सावलीत वाऱ्याला ठेवायचं, मग मेण आणि एरंडेल एकत्र करून बोटानं चोळत बसायचं. पण ते सगळं करताना ते शिव्या देत, गिऱ्हाइकांशी भांडत, रस्त्यावरच्या गाईला हाकलत. अस्तराला हात घातला की गप्प. कडेची टीप बोथट सुईनं एकेक टाका उसवून काढायची, निघालेला दोरा गुंडाळून डबीत ठेवायचा, कारण परत शिवायचं तर त्याच भोकांतून आणि जमलं तर त्याच दोऱ्यानं. कापड रिठ्याच्या पाण्यात घालायचं, काचेवर पसरून वाळवायचं, खळीत चिमूटभर मोरचूद टाकून पुन्हा जागच्या जागी चिकटवायचं, म्हणजे कसर लागत नाही. "चामडं लोकांला दाखवायला असतं. माणूस हात घालतो तो अस्तरात," असं ते म्हणायचे. नवीन अस्तर लावून द्या म्हणणाऱ्याला ते बाजारात दुसऱ्या दुकानाचा पत्ता देत, आणि बऱ्याचदा तो पत्ता चुकीचा असायचा.

दुकानात एक रिवाज होता आणि त्यातून कुणाची सुटका नव्हती. बॅग आणली की ती तशी ठेवून जाता येत नसे. गिऱ्हाइकानं स्टुलावर बसायचं, बॅग मांडीवर घ्यायची, चारी कोपऱ्यांत हात घालायचा, खिसे उलटे करायचे, मग बॅग शटरच्या उजेडाकडे धरायची. समोर बसून चाचा म्हणायचे, "अस्तर बघून घ्या." मग, "बघितलं?" गिऱ्हाईक म्हणायचं, बघितलं. मग, "शाईचं, पेन्सिलीचं काय हाय का?" याचं उत्तर मिळाल्यावरच बॅग त्यांच्या ताब्यात. पुढे कामात अस्तरामागून काही निघालं तर ते वर्तमानपत्रात बांधून, दोऱ्यानं आवळून परत देत. एका मेजरच्या विधवेच्या सुटकेसमधून पत्रांचा गठ्ठा निघाला होता. बाईंनी विचारलं, कुणाची पत्रं आहेत? चाचा म्हणाले, "पोस्टमन वाचतो का? मग मी कशाला वाचू?" दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं त्यांना दुसऱ्याच्या न्हाणीत डोकावल्यासारखं वाटे. एकदा शेजारच्या टेलरनं एका बॅगेतली चिठ्ठी उचलून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तर त्याच्याशी त्यांनी बोलणं टाकलं. भिंतीला भिंत लागून दोन दुकानं, आणि नंतर कधी नमस्कारसुद्धा नाही.

या रिवाजाचा मला कंटाळा होता. इतरांचं बघताना मजा वाटायची, पण माझ्यावर वेळ आली तेव्हा मी थकलेला होतो. त्या दिवशीच्या माझ्या वागण्याला दुसरी सबब माझ्याकडे नाही.

बॅग वडिलांची. आम्ही मूळचे पैठणकडचे मेंढरंवाले. वडील घरातले पहिले शिकलेले, पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीला लागले आणि ज्यांच्यातून वर आले त्यांच्याच मेंढरांना सुया टोचत गावोगाव फिरले. दोन पट्ट्यांची तपकिरी चामड्याची बॅग, आत मांजरपाटाचं अस्तर, त्यात औषधं, सिरिंजचा डबा आणि भाकरी. कागद हरवतात, भिजतात, मेंढरं खातात, म्हणून ते जायच्या गावांची यादी बॅगेच्या झाकणाच्या आतल्या कापडावर लिहायचे. मी कॉलेजात असताना एके दुपारी पैठणच्या स्टँडवर बसची वाट बघत बसले आणि बसल्या जागीच गेले. बॅग मांडीवर होती. ती घरी आली आणि कपाटावर गेली.

आईला लिहिता-वाचता येत नाही. पण झाकणातल्या त्या अक्षरांवर तिचं लक्ष असायचं. वर्षातून दोन-तीनदा ती बॅग खाली काढून पुसायची आणि मला म्हणायची, "वरती गावं हायत, ते कळलं. खाली रेघ मारून एकच ओळ लिवलीया, ती काय हाय?" सुरुवातीला मी वडिलांवर रागावलेला होतो, मेंढरांसाठी घराकडे न बघितलेला माणूस म्हणून. तेव्हा मी वरची दोन नावं वाचून दाखवली, बिडकीन, ढोरकीन, आणि उठून गेलो. पुढे राग गेला, पण नोकरी आली, पाळ्या आल्या, लग्न झालं आणि टिकलं नाही, तो विषय इथं नको. घरात मी आणि आई दोघंच उरलो. तिचे गुडघे गेले. "वाचतो गं, चष्मा लावून निवांत वाचतो," असं मी किती वर्षं म्हणत होतो ते मोजायची मला हिंमत नाही. ती ओळ कुठं पळून चालली नव्हती.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पडेगावच्या घराचं छत गळलं आणि बॅगेवर पांढरी बुरशी चढली. अस्तराला कडेनं कसर लागली. आई घाबरली. "त्यांचं लिवलेलं जाईल," ती म्हणाली. मी म्हणालो, माझ्या ओळखीचे चाचा आहेत, ते करून देतील. बॅग कापडात गुंडाळून देताना ती दोनदा म्हणाली, "ती ओळ वाचून घे, मंगच दे."

मी पहिली पाळी करून, ती बॅग दिवसभर कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवून, छावणीत उतरलो. वाकून आत गेलो. ओळख होती म्हणून मला वाटलं माझी सुटका होईल. चाचांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसलो, हात घातला, खिसे उलटे केले, झाकण उजेडाकडे धरलं. अक्षरं फिकट करडी झालेली. चष्मा डब्याच्या पिशवीत तळाशी होता. खिशात मोबाइल होता, एक फोटो काढायला काय लागतं? तोही काढला नाही. बॅग परत आली की स्वच्छ अस्तरावर नीट दिसेल, तेव्हा वाचू, असं मनात म्हटल्याचं मला पक्कं आठवतं.

"बघितलं?"

"बघितलं."

"शाईचं, पेन्सिलीचं काय हाय का?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. मला घरी जाऊन पडायचं होतं.

घरी आईनं विचारलं, वाचलीस का. मी म्हणालो, वाचली, निवांत सांगतो. नंतरही तिनं दोनदा विचारलं आणि मी दोनदा तेच म्हणालो.

चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला "बुधवारी या" सांगायचे. कुठल्या बुधवारी ते सांगत नसत. असे तीन बुधवार मी जाऊन आलो, आणि तिन्ही वेळा त्यांनी मान वर न करता "नाय झालं" म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बसाही म्हटलं नाही. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, त्यांचा स्वभावच तसा. माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि चाचा उतरले, तेव्हा मी चकित झालो. दुकान सोडून कुठं गेलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बॅग ठेवून घेताना ते गिऱ्हाइकाकडून पत्ता लिहून घ्यायचे, तो कागद रिक्षावाल्याला दाखवत आले होते. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली बॅग. मी खुर्ची दिली, ती नको म्हणाले. दारातल्या चपला हातानं चाचपून बाजूला सारल्या आणि उंबऱ्याशीच बसले. आई भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे न बघता त्यांनी बॅग तिच्यापुढे ठेवली.

चामडं इतकं सुरेख झालं होतं की आईनं आधी ओळखलंच नाही. मग तिनं झाकण उघडलं. आतलं कापड धुऊन, नीट ताणून, जुन्याच टाक्यांवर शिवलेलं, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळा ढग पसरलेला. अक्षर एकही नव्हतं.

"बाई," चाचा म्हणाले, "कापड पाण्यात टाकलं अन् पाणी जांभळं झालं. ती कॉपिंग पेन्सिल व्हती. सुकी असली का करडी दिसती, पाणी लागलं का सुटती. काढेपतोर गेलं सगळं. एवढ्या वर्षांत माझ्या हातनं असं झालं नव्हतं. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, मी कुणाला सांगितलं नाय. काम बंद पडंल म्हणून नाय सांगितलं. चूक माझी हाय."

मी वाट बघत होतो. आता म्हणतील, तुमच्या पोराला विचारलं व्हतं, तो म्हणाला विशेष काही नाही. ते म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. त्या दोघांच्या मधे मी चांगला पन्नाशीचा बाप्या उभा होतो आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही, याची लाज मला आजही वाटते.

आईनं त्या डागावरून बोटं फिरवली. "ते पेन्सिल जिभंला लावून लिवायचे," ती म्हणाली. "खालचा व्हट असाच व्हायचा." चाचा मान खाली घालून बसले होते. मग तिनं मला विचारलं, "तू तर वाचली व्हतीस ना ती ओळ? काय व्हतं?"

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेला "वाचली नाही" म्हणणं मला झेपलं नाही. माझं लक्ष उंबऱ्याशी, चाचांच्या हाताजवळच्या तिच्या चपलांवर गेलं, आणि जे तोंडात आलं ते मी बोललो.

"हिला चप्पल घ्यायची, असं लिहिलं होतं."

"मला?"

"हो."

ती हसली, पण मनापासून नाही. "मला त्यांनी कधी काय आणलं नाय. या बॅगेतनं मेंढराच्या औषधाबिगर काय निघालं नाय. तू मला बरं वाटावं म्हून सांगतूयास."

तेवढ्यात चाचा बोलले, मान खालीच ठेवून.

"लिवलं व्हतं, बाई. पाण्यातनं काढलं तवा खालची ओळ अजून दिसत व्हती. मी वाचली. चप्पल, नंबर पाच."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे. "पाचच हाय माझा नंबर," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बदलला. "आणली नाय कधी. पर लिवून ठिवलं व्हतं." तिनं बॅग मांडीवर ओढून घेतली आणि मला म्हणाली, चहा टाक. चाचांनी तो चहा घेतला. त्यात मी सवयीनं आलं घातलं होतं, तरी घेतला.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. गिऱ्हाइकाचं लिहिलेलं वाचलं असं त्यांनी माझ्या आईसमोर, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, ज्या माणसानं एका चिठ्ठीपायी शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं त्यानं. मी विचारलं, "चाचा, खरंच दिसत होती ती ओळ?"

"मला माझी बोटं धड दिसत नाय. मी काय वाचणार?" ते म्हणाले. रिक्षात बसले, बंडी सारखी केली आणि मग माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. तुमच्या डोळ्याला काय झालतं?"

रिक्षा गेली.

त्यानंतर त्यांनी काम घेणं बंद केलं. असलेल्या बॅगा ज्याच्या त्याला जशाच्या तशा परत करून टाकल्या, असं टेलरनं सांगितलं. दोन-तीनदा मी बसमधून उतरून त्या गल्लीत गेलो, शटर पूर्ण खाली होतं. ते पैठणला मुलीकडे राहायला गेले होते. मी ठरवलं होतं की एखाद्या सुट्टीला जाऊन भेटून यायचं, नीट बोलायचं. सुट्ट्या आल्या आणि मी झोपून काढल्या. हिवाळा सरता सरता टेलरनंच मला रस्त्यात गाठून सांगितलं की चाचा गेले. तो रडत होता. मला रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं आणि मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "चांगला माणूस व्हता." थोड्या वेळानं पुन्हा भाजी जवळ ओढली.

"त्यांचं लिवलेलं वाचलेला आता तू एकटाच राहिलास," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.